अर्धशिशी आणि सुई

वेदनेला भाषा असते. पण ती भाषांतराला सहसा वश होत नाही. संस्कृतातील ‘अर्धावभेदक’, मराठीतील ‘अर्धशिशी’ व ग्रीकमधील ‘हेमिक्रानिया’ हे शब्द अर्ध्या डोक्यावर एकमत होतात. मात्र दिल्लीतील डॉक्टरांना ‘ठणका’ आणि ‘कळ’ यांतील अंतर मला हिंदीत सांगता येईना. त्यांनी कवटीच्या पायथ्याशी बोटाने दाबून पाहिले. दुसऱ्या ग्रीवा-मज्जातंतूची शाखा तेथून माथ्याकडे चढते. मी ‘येथेच’ म्हणालो, तेव्हा त्यांनी सुई टोचली. सुईत होते लिडोकेन, १९४३ साली स्वीडनमध्ये प्रथम सिद्ध झालेले बधिरीकरणाचे औषध.

मानेकडून आणि कपाळाकडून येणाऱ्या वेदनांच्या वाटा मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकत्र मिळतात. म्हणूनच मागे टोचलेल्या सुईने डोळ्यामागचा ठणका शमू शकतो. बधिरता काही तासांत ओसरते, आराम कधी काही आठवडे टिकतो. असे का, याचा पुरता उलगडा अद्याप झालेला नाही. सर्वांनाच तो लाभतो असेही नाही.

मला तो तीन आठवडे लाभला. त्या काळात दिवेलागणीनंतरही वाचता आले, हे वाचनावर जगणाऱ्या माणसाला थोडे नव्हे. पुढे ठणका परतला. शब्द त्याला थांबवू शकत नाहीत हे खरे. पण सुईला जागा दाखवली ती एका शब्दानेच.