हळदीच्या कागदावरचे पान

आमच्या वाडीतील विहिरीचे पाणी मचूळ झाले, त्याला आता बरीच वर्षे लोटली. आधी पानवेली गेल्या, मग केळी विरळ झाल्या, आणि राहिलेल्या तुकड्याच्या विक्रीची बोलणी सुरू झाली तेव्हा तेथे जीव गुंतावा असे एकच झाड उरले होते. विहिरीच्या काठचा सोनचाफा. तो वडिलांच्या हातचा. विक्रीचा आग्रह धाकट्या भावाचा होता. त्याच्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च त्याच्यापुढे उभा होता. आम्ही उभयतांनी वाद घातला, बोलू नये ते बोललो आणि अखेरीस सह्याही केल्या. सह्या केल्या, पण मनातील अढी मात्र काढली नाही. भावाचे आमच्याकडे येणे थांबले.

पावसाळ्यापूर्वी झाड तोडले जाणार होते. एप्रिलमध्ये आमची लेक सुट्टीला घरी आली. ती महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकते. झाडाचा फोटो काढावा असे आम्ही तिला सुचविले. फोटो तर तिने काढलेच, पण संध्याकाळी चाफ्याची दहाबारा पाने घेऊन ती आत आली आणि म्हणाली, "कॅमेऱ्यावाचूनही चित्र निघते. हळद आणि ऊन एवढे पुरे आहे."

आमचा विश्वास बसेना. आईला मात्र यात नवल वाटले नाही. "हळदीचा डाग उन्हात उडतो, हे ठाऊक नाही का तुम्हाला?" तिने आम्हालाच विचारले. लग्नघरातील हळदीने माखलेले कपडे धुऊन कडक उन्हात टाकले की डाग फिके होतात, हे आपल्या प्रत्येक घरातील बायकांना माहीत आहे. डागावर साबण लागला की तो लालसर होतो, हेही त्यांना माहीत असते. लेकीने जे शास्त्र म्हणून सांगितले, त्याचे दोन्ही धडे आईने धुण्याच्या दगडावर गिरविलेले होते.

पुढील आठवडाभर आमच्या घराची प्रयोगशाळा झाली. कृती सोपी आहे. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, तो स्पिरिटमध्ये उतरतो. म्हणून औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणले, त्यात हळदपूड कालवली आणि फडक्यातून गाळून घेतली. (स्पिरिट चटकन पेट घेते, हे काम चुलीजवळ, शेगडीजवळ किंवा देव्हाऱ्यातील मेणबत्तीजवळ कदापि करू नये.) खिडक्या लावलेल्या खोलीत तो पिवळाजर्द अर्क चित्रकलेच्या जाड कागदावर कुंचल्याने सारखा पसरला आणि कागद तेथेच सुकू दिला. सुकलेल्या कागदावर पान, पानावर काच, काच हलू नये म्हणून कडेला चिमटे, आणि मग सारे अंगणात.

पहिला प्रयत्न फसला. पान ताजे होते. काचेखाली त्याला घाम फुटला आणि कागदभर डाग पडले. तेव्हापासून पाने आधी दोन दिवस वर्तमानपत्रात दाबून ठेवू लागलो. जास्वंदीच्या फुलांचा रस काढून पाहिला. कागदावर तो सुरेख जांभळट उतरला, पण पाच दिवसांच्या उन्हानंतरही आकृती पुसटच. पालकाच्या हिरव्या रसाने तर आमच्या धीराची परीक्षाच पाहिली. बिटाचा रंग काही दिवसांनी उडाला खरा, पण कुंचल्याचे फराटे तेवढे ठळक दिसू लागले. हळद मात्र उन्हाला लगेच वश झाली. सकाळी अकराला ठेवलेला कागद तीनच्या सुमारास उचलला, तो पानाभोवतीची सारी हळद फिकी पडली होती आणि पानाखालची जशीच्या तशी पिवळीजर्द होती. लेकीने तो कागद टाकणखाराच्या पाण्यात क्षणभर बुडविला. पिवळे पान आमच्या डोळ्यांदेखत तांबूस तपकिरी झाले. आई हसून म्हणाली, "साबण लागला!"

चित्रात पानाच्या शिरा दिसत नाहीत, केवळ आकार उमटतो. पण त्या पानाला अळीने कुरतडून एक भोक पाडले होते. तेवढ्या भोकातून ऊन आत शिरले होते, आणि चित्रातही तेथे एक फिका ठिपका उमटला होता.

या चित्रांना अँथोटाइप म्हणतात. ग्रीक भाषेत 'अँथोस' म्हणजे फूल. युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे पुत्र सर जॉन हर्शेल यांनी फुलापानांच्या रसांवर सूर्यकिरणांचा काय परिणाम होतो, याचा बारकाईने अभ्यास करून १८४२ साली तो लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. मेरी सॉमरव्हिल या विदुषीनेही वनस्पतींच्या रसांवर असेच प्रयोग केले. त्या काळी रॉयल सोसायटीचे सभासदत्व स्त्रियांना मिळत नसे. म्हणून तिने आपले निष्कर्ष हर्शेल यांना पत्राने कळविले आणि त्या पत्रातील उतारा १८४६ साली सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला.

लेकीने सांगितलेली आणखी एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. चांदीच्या क्षारांवर उमटलेले छायाचित्र उजेडात टिकविण्याचे रसायन, ज्याला छायाचित्रकार 'हायपो' म्हणतात, त्याचा गुण याच हर्शेल यांनी ओळखला होता. साऱ्या जगाचे फोटो त्या रसायनामुळे टिकले. पण फुलांच्या रसाने काढलेले चित्र कायम करण्याचा उपाय त्यांनाही गवसला नाही. ज्या उन्हाने ते चित्र काढले, तेच ऊन ते पुढे पुसूनही टाकते.

हे ऐकूनही आम्ही व्हायची ती चूक केलीच. दोन चित्रे चांगली साधली होती. त्यांपैकी एक आम्ही चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावले. आल्यागेल्याला ते दाखवावे, वडिलांच्या चाफ्याची हकिकत सांगावी, आणि ती सांगताना भावाचा विषय ओघाने निघावा, असा आमचा क्रम सुरू झाला. खरे सांगायचे तर त्या चौकटीत आम्ही झाडाची आठवण टांगली होती, तशीच आमची तक्रारही. दुसरे चित्र आईने मागून घेतले. ते काळ्या कागदात गुंडाळून तिने आपल्या लुगड्यांच्या ट्रंकेत तळाशी ठेवले. आम्हाला वाटले, म्हातारपणाची ही हौस. ट्रंकेत ठेवलेले चित्र कोण पाहणार?

जूनच्या पहिल्या आठवड्यात झाड पडले. सप्टेंबर सरता सरता आमच्या भिंतीवरील पान ओळखू येईनासे झाले. थेट ऊन त्याच्यावर कधी पडले नव्हते. रोजच्या उजेडानेच ते हळूहळू नेले. चौकटीत उरला तो एक फिकट पिवळा कागद, आणि पाहुण्यांना सांगण्यासाठी हकिकत. भोकाचा ठिपकाही त्या फिकटपणात विरून गेला होता.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मिस्सानंतर सारे कुटुंब वडिलांच्या थडग्यापाशी जमले. फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या. भाऊ एका बाजूला उभा होता. निघताना आई त्याला म्हणाली, "घरी ये. चाफा पाहून जा." तो गोंधळला; आम्हीही गोंधळलो.

घरी येऊन आईने ट्रंक उघडली. काळा कागद सोडला. आत पान जसेच्या तसे होते, तांबूस, कडा रेखीव, आणि मध्ये तो ठिपका. भावाने कागद हातात घेतला आणि ठिपक्यावर बोट ठेवले. "अळी," तो म्हणाला. "बाबा रोज सकाळी पाने उलटून अळ्या वेचायचे. मी डबा धरायचो." हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही तेव्हा शिक्षणासाठी बाहेर राहत होतो. झाडाशी त्याचा सहवास आमच्यापेक्षा अधिक होता. ज्याने झाड विकायला लावले, त्याला त्याचे काय, असे इतके दिवस आम्ही लोकांना सांगत आलो होतो.

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने भाऊच आईला म्हणाला, "आई, झाक आता. उडेल ते." त्यानेच काळा कागद पुन्हा नीट गुंडाळला. आम्ही त्याला जेवून जायला सांगितले, आणि तो थांबला.

जेवताना त्याने भिंतीवरच्या फिक्या चौकटीकडे पाहून ते काय आहे, असे विचारले. आम्ही सांगितले. ती चौकट दुसऱ्या दिवशी काढून ठेवली.

लेकीने दाबून ठेवलेल्या पानांपैकी चार अजून शब्दकोशात शाबूत आहेत. त्यांतले एक भावासाठी कागदावर उतरवायचे आहे. हळद घरात आहे, काळा कागद आणून ठेवला आहे. सध्याचे ऊन फार कोवळे आहे; एप्रिलची वाट पाहत आहोत.