दिल्ली दरवाजाचे खिळे

पुण्यातला हौशी छायाचित्रकार शनिवारवाड्यापाशी हमखास थांबतो. दिल्ली दरवाजावरचे, हत्तींना रोखणारे अणकुचीदार खिळे टिपतो आणि रात्री फोटोशॉपमध्ये निक कलेक्शनचं प्लग-इन उघडतो. हा संच गूगलने २०१६ मध्ये चक्क फुकट करून टाकला होता. २०१७ मध्ये तो फ्रान्सच्या डीएक्सओ कंपनीकडे गेला.

संचातल्या सिल्व्हर एफेक्समध्ये फोटो कृष्णधवल होतो. कंट्रोल पॉइंट खिळ्यावर ठेवला, की साधारण तेवढ्याच भागाचा उजेड बदलता येतो. स्ट्रक्चरचा स्लायडर जरा सरकवला, तर लोखंडाचा खडबडीतपणा उठून दिसतो. मोह आवरला नाही, तर कडांभोवती पांढरट वलय उमटतं आणि जुनं सागवान प्लास्टिकसारखं भासू लागतं.

मग स्लायडर मुकाट्याने मागे येतो. फिल्टर वेगळ्या लेयरवर असला, तर अपारदर्शकता निम्म्यावर आणली तरी भागतं.