उधारीची वही

ज्या शहरात अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापून प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार रुजविला, त्या शहरात अशा मुलांना परकी भाषा घोकंपट्टीने शिकविणे हा त्यांच्या बुद्धीचा उपमर्द होय, असे माझे जुने मत; म्हणूनच सदाशिव पेठेतल्या माझ्या जर्मनच्या वर्गात दर शनिवारी बाजार भरतो, मुले भांडवल उचलतात, दुकाने थाटतात आणि रोजकीर्दही जर्मनमध्येच लिहितात. पालकांनी दारातून डोकावून तो कलकलाट ऐकावा आणि त्यांच्या मुद्रेवर विस्मय उमटावा, याची मला हाव होती आणि आहे. प्रमाणपत्राची हमी देणाऱ्या वर्गांपेक्षा आपण चार पायऱ्या वर उभे आहोत, ही घमेंडही त्यातलीच.

त्या कलकलाटाला गेल्या वर्षी एका चिमुरड्या मुलीने नख लावले. तिने पेन्सिलींपुढे भावाची पाटी ठेवली, गिऱ्हाइकाने बोट दाखवावे आणि तिने नाणी मोजून घ्यावीत असा खाक्या ठरविला, आणि शेजारची मुले 'आइन ब्लाइश्टिफ्ट' की 'आइनेन' या द्वितीयेच्या घोळात अडकली असताना तिचा माल संपलादेखील. मी पाटी बंद करविली, तर तिने बोटांच्या खुणा बसविल्या. बैलबाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा पुरा करीत, ती हत्ता पद्धत या मुलीने पाहिली असण्याचा संभव नाही. ती तिला स्वबुद्धीने सुचली. व्यापाराची प्रवृत्तीच मुळी शब्द वाचविण्याकडे, आणि भाषाशिक्षकाची सारी मदार शब्द खर्ची पडण्यावर! हुशार मूल खेळाचे मर्म इतके चटकन ओळखते की खेळ ज्या हेतूने मांडला तो हेतूच बाजूला राहतो. मध्यम बुद्धीचे मूल बिचारे बोलत राहते, आणि शिकते. उन्हाळ्यात बालउद्योजक घडविण्याची शिबिरे भरविणाऱ्या मंडळींना ही पंचाईत जाणवत नसावी, कारण त्यांना गल्ला तेवढा मोजायचा असतो.

आकड्यांची एक गंमत मात्र नित्य दिसते. सत्तेचाळीस म्हणताना आपण आधी सात उच्चारतो, जर्मन माणूसही तेच करतो. त्यामुळे मराठीत पाढे म्हटलेले मूल 'झीबेनउंडफिअर्त्सिश' ऐकून बिनचूक पैसे देते, आणि इंग्रजीत अंक गिरविलेले मूल चौऱ्याहत्तर मोजू लागते. अशी मुले माझ्याकडे वाढत चालली आहेत. त्यांच्या पालकांना मी काही म्हणत नाही, फक्त तो आकडा मुद्दाम पुन्हा विचारतो.

रोख पैशाला वाचेची गरज नाही, हे उमगल्यावर मी निम्म्याहून अधिक नाणी कपाटात कुलूपबंद केली आणि उधारीची वही काढली. उधार मागणाऱ्याला कारण सांगावे लागते, मुदत मागावी लागते, अट कबूल करावी लागते. 'वाइल' आणि 'वेन' यांवाचून त्याची सुटका नाही, आणि त्यांच्या मागचे क्रियापद मराठीप्रमाणेच वाक्याच्या शेवटी जाऊन बसते. तगादा लावणाऱ्यालाही मौन परवडेना. वर्ग पुन्हा गजबजला, पालक पुन्हा दारात रेंगाळू लागले, आणि मी सुखावलो.

पुढल्याच शनिवारी त्या मुलीने पाटी लावण्याची परवानगी जर्मनमध्ये लेखी, सविनय अर्ज करून मागितली. अर्जात व्याकरणाचा दोष सापडेना, तेव्हा ती देणे भाग पडले. पाटीवर निर्दोष जर्मनमध्ये लिहिले होते : आज रोख, उद्या उधार.