मारियाची चित्रं, आजीची वही

मागच्या रविवारी लोकलने मळवलीला उतरून कार्ल्याच्या लेण्यांत गेले आणि चैत्यगृहातल्या खांबांवरचे हत्ती काढत बसले. तासाभरात एकच हत्ती झाला, तोही म्हशीसारखा. एक शाळकरी मुलगा वाकून बघत होता. "ताई, तुम्ही आर्टिस्ट आहात का?"

"नाही रे, असंच."

असंच काढणाऱ्यांत माझी आवडती म्हणजे मारिया ग्रॅहम. वडील इंग्रजांच्या आरमारात. त्यांची नेमणूक मुंबईच्या गोदीवर झाली, म्हणून १८०८मध्ये तीही जहाजात बसली. वय तेवीस. १८०९मध्ये मुंबईत उतरली, जहाजावर भेटलेल्या थॉमस ग्रॅहमशी तिथेच लग्न केलं आणि वर्षअखेरीस बोरघाट चढून, कार्ल्याची लेणी पाहून पुण्यात आली. तेव्हा इथे दुसरा बाजीराव गादीवर होता आणि इंग्रजांचा रेसिडेंट संगमावर मुक्काम ठोकून होता. मुंबईतल्या इतर मडमांबद्दल मारियाचं मत काही बरं नव्हतं. तिला देवळं, लेणी, झाडं, माणसं हवी होती. ती काढत राहिली, लिहीत राहिली. १८१२मध्ये एडिंबरोत तिची रोजनिशी छापून आली, तिच्याच चित्रांसकट. ती नेटवर फुकट आहे. फोनवर झूम करून बघा, कुठे कुठे रेषा कच्ची आहे. मला त्याचाच धीर येतो.

अर्थात पालखी, ती वाहणारे भोई आणि वडिलांचा हुद्दा असला की छंद टिकतो. तिच्याआधी पुण्याच्या गंगाराम तांबटांनी वेरूळची चित्रं काढली. ती मॅलेटसाहेबाच्या संग्रहात गेली, म्हणून आज येलमध्ये बघायला मिळतात. मारिया पुण्यात होती त्या सकाळीही पेठांतल्या बायकांनी अंगणात रांगोळ्या काढल्या असणार. संध्याकाळपर्यंत त्या पुसल्या गेल्या असतील.

माझ्या आजीची रांगोळीची वही होती. ठिपके, मोर, चैत्रांगण. चैत्र आला की वाड्यातल्या बायका ती मागून न्यायच्या. वाडा पाडायच्या आधी घर रिकामं करताना मीच ती रद्दीत घातली. आतली पानं उलटून बघितली नाहीत. रद्दीवाल्याच्या काट्यावर ती जुन्या पंचांगांखाली होती, एवढं आठवतं.

मुलगा अजून उभाच. "मला द्या ना हा हत्ती."

पान फाडलं. मग परत हातात घेऊन खाली नाव आणि तारीख घातली, आणि दिलं.