माहेरची वाट आणि गाडीतली टाकी

माझ्या आईचे माहेर नेरचे. महाराष्ट्रात नेर नावाची गावे आणखीही आहेत. हे यवतमाळ जिल्ह्यातले, यवतमाळहून अमरावतीकडे जाताना वाटेत लागणारे. जुनी माणसे त्याला नेर-परसोपंत म्हणतात. भोवती काळीभोर जमीन, दिवाळीच्या सुमारास कपाशीची फुटलेली पांढरी बोंडे, आणि गावात मामांचा जुना वाडा. या वाड्यात भाऊबिजेला जाणे आईने सोडले, त्याला सहा वर्षे होऊन गेली होती. बहीणभावांत भांडण नव्हते, इस्टेटीचा वाद नव्हता. दरवर्षी दिवाळी आली की "पुढच्या वर्षी पाहू" एवढेच ती म्हणे. त्यामागचे कारण तिने कोणाला सांगितले नाही. ते ओळखले आमच्या सौभाग्यवतींनी.

"आईंना नेरची भीती नाही वाटत," ती एका रात्री मला म्हणाली, "वाटेतल्या संडासांची वाटते."

पुण्याहून नेर म्हणजे चांगला बारा-तेरा तासांचा रस्ता. आईचे वय शहात्तर, गुडघे दुखरे. उकिडवे बसणे तिला जमत नाही. ढाब्यामागच्या ओल्या, अंधाऱ्या खोलीत ती पाय ठेवायला धजत नाही. म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून ती पाणी पिणेच बंद करी. "आणि आई एकट्याच नव्हेत," सौभाग्यवती म्हणाल्या, "आम्ही सगळ्याच तसं करतो." लग्नाला अठरा वर्षे झाली. त्या अठरा वर्षांत आम्ही कोकणापासून काशीपर्यंत हिंडलो. शेजारच्या आसनावरची बाई तहानेली बसते, हे काही माझ्या ध्यानात आले नव्हते. मी मराठीचा प्राध्यापक. स्त्रियांच्या सोसण्यावर वर्गात तासन्‌तास बोलत असतो!

उपाय शोधला आमच्या नववीतल्या चिरंजीवांनी. "आपण संडासच बरोबर नेऊ," ते म्हणाले. मी रागावणार होतो. पण मुलगा थट्टा करीत नव्हता. बिछाना, ओटा, मोरी आणि संडास असलेली मोटार, जिला कॅराव्हान म्हणतात, ती आता आपल्याकडे चालकासकट भाड्याने मिळते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे. मग काय, गेल्या वर्षीच्या धनत्रयोदशीला एक लांबलचक पांढरी गाडी आमच्या वाड्यासमोर उभी राहिली आणि अर्धी गल्ली ती पाहायला लोटली.

लोकांनी बिछाने पाहिले, शेगडी पाहिली, छोटा फ्रीज पाहिला. चिरंजीव मात्र मला गाडीच्या बाजूला घेऊन गेले आणि म्हणाले, "बाबा, खरी गाडी इथे आहे." मग त्यांनी मला शिकवणी दिली. ती ऐकून मी थक्क झालो.

अशा गाडीत पाण्याचे तीन संसार असतात. एक ताज्या पाण्याची टाकी. दुसरी सांडपाण्याची: ओट्यावरचे, हात धुतल्याचे, न्हाणीचे पाणी तिच्यात जाते; इंग्रजीत त्या पाण्याला 'करडे' म्हणतात. तिसरी टाकी मैल्याची, तिला 'काळी' म्हणतात. अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांना ही काळी टाकी गाडीच्या पोटाखाली कायमची बसवलेली असते. तिला छपरापर्यंत वास नेणारी नळी असते, आणि खाली हाताने ओढायची झडप. मुक्कामाच्या जागी जमिनीत तोंड असलेले गटार असते. त्याला तीन इंची जाड नळी जोडायची आणि झडप ओढायची. आधी काळी टाकी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. युरोपात गाड्या लहान, म्हणून तिथे सरकत्या पेटीची चाल जास्त. १८ ते २० लिटरची ही चपटी पेटी आसनाखाली बसते आणि बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढता येते. आमच्या गाडीला तीच होती.

ज्यांना या गाड्यांतून हिंडायची सवय आहे, ते लोक गाद्यागिरद्यांपेक्षा या टाक्यांच्या बारीकसारीक सोयींचेच कौतुक करतात म्हणे. पेटीला चाके आणि लांब मूठ हवी, म्हणजे प्रवासी बॅगेसारखी ओढता येते. वरची झडप बंद केल्याशिवाय पेटी बाहेरच निघू नये. ओतताना हवा आत घेणारी कळ हवी. नाहीतर पेटी गुळण्या करते आणि शिंतोडे उडतात. मोठ्या टाकीला आतून पाण्याची फवारणी हवी. बाहेरच्या नळीचा एक तुकडा पारदर्शक हवा, म्हणजे टाकी स्वच्छ झाली की नाही ते डोळ्यांना दिसते. कारण टाकी किती भरली हे सांगणारे दिवे पुष्कळदा खोटे बोलतात. आत कागद चिकटून बसला की रिकामी टाकीही भरलेली दाखवतात. आणि मोठा नियम असा, की काळ्या टाकीची झडप कधी उघडी ठेवू नये. उघडी ठेवली की पाणी निघून जाते आणि उरलेल्याचा ढीग साचून दगड होतो. पाणी हवेच, थोडेसे पाणी टाकीत राहिले तरच सगळे सुरळीत वाहते.

हे सगळे ऐकताना मला आपल्या आगगाड्या आठवल्या. कित्येक दशके आपण डब्यातून जे सोडले ते सरळ रुळांवर पडले. 'गाडी स्थानकात उभी असताना वापर करू नये' ही पाटी वाचतच आमची पिढी वाढली. गाडी पुढे गेल्यावर ते रूळ कोण धुते, हा प्रश्न पाटीवर नव्हता. २०११ पासूनच्या दशकात रेल्वेने संरक्षण संशोधन संस्थेच्या मदतीने डब्यांखाली जैविक टाक्या बसवल्या. त्यांतले जंतू मैल्याचे पाणी आणि वायू करतात, आणि जंतुनाशक लागलेले पाणीच तेवढे बाहेर पडते. नव्या गाड्यांची पुष्कळ कौतुके आपण वाचतो, पण या टाकीवर कोणी लेख लिहिलेला मला तरी आठवत नाही.

पाडव्याच्या पहाटे निघालो. समृद्धी महामार्गावर आई खिडकीशी बसली होती. जालन्याच्या पुढे तिने पहिला चहा घेतला. मेहकरच्या आसपास दुसरा. तिसरा मागितला तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी रस्त्याकडे पाहिले. कारंज्याला महामार्ग सोडला आणि दारव्ह्यावरून नेरची वाट धरली. दारव्ह्यावरूनच एके काळी आमची शकुंतला धावायची, यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी. आता ती बंद आहे. आई तिच्या आठवणी सांगत होती, एवढ्यात मागून कन्येची आरोळी आली, "बाबा, लाल दिवा लागला!"

पेटी भरली होती.

नेरला पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. गाडी दरवाजातून आत जाईना. बाहेर कडुलिंबाखाली उभी केली. मामा काठी टेकीत पुढे आले. "काऊन रे, गाडी आणली का बिऱ्हाड?" असे मला म्हणाले, आणि मग बहिणीला पाहून काही बोलले नाहीत. ती दोघे ओटीवर जाऊन बसली. मी चालकाकडे वळलो आणि पेटीकडे बोट दाखवले.

"साहेब, गाडी चालवीन," तो नम्रपणे म्हणाला, "टाकी माझ्याकडे नाही. कागदावर तसं लिहिलंय."

लिहिलेले होते खरे. मी वाचले नव्हते. आता काय करावे? भोवती शेजारी जमलेच होते. त्यांतल्या एका सद्‌गृहस्थांनी तोड काढली. "त्यात काय, पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराले बोलवा. दोनशे रुपये दिले की करते." त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. आणि खरे सांगतो, वाचकहो, माझा हात खिशातल्या पाकिटाकडे गेलाही होता.

तेव्हा मामा ओटीवरून म्हणाले, "राहू दे. त्या वाटेनं आता कोणाले बोलवायचं नाही."

'त्या वाटेनं' हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण आमच्या घरात त्याला अर्थ आहे. वाड्याच्या मागे एक अरुंद बोळ आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना वाड्यात टोपलीचा संडास होता. रोज सकाळी त्या बोळातून एक बाई येई, मागची फळी उचली, टोपली डोक्यावर घेऊन जाई. आम्हां मुलांना त्या वेळी मागच्या अंगणात जायची बंदी होती. दिवाळीत तिला फराळ दिला जाई, तोही मागच्या दाराने, वरून टाकून. पुढे असा मैला हाताने वाहायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, आणि २०१३ मध्ये आणखी कडक कायदा आला. मामांनी वाड्यात टाकीचा संडास बांधला आणि ती फळी विटांनी बुजवली.

याच वऱ्हाडच्या मातीत गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला. गावात शिरल्यावर आधी झाडलोट आणि रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम होता. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच, त्यांनी देह ठेवला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम स्वतःसाठी मागितले आणि त्यासाठी उपास केला. ही नावे मी वर्गात अनेकदा घेतली आहेत. त्या संध्याकाळी कडुलिंबाखाली ती मला मुळीच सुचली नाहीत. सुचली ती एवढीच गोष्ट, की पेटी आमची आहे.

चिरंजीवांनी हातमोजे दिले. झडप लावली, दार उघडले, पेटी ओढली. ती चाकांवर मुकाट्याने माझ्यामागे अंगणातून आली. मामांनी फक्त एक शंका विचारली. "त्यात औषध कोणतं आहे? माह्या टाकीतले जंतू मरायचे नाहीत ना?" शंका रास्त होती. पूर्वी या पेट्यांत फॉर्मॅलिनच्या जातीची औषधे घालीत. वास जाई, पण घरच्या टाकीतले कामाचे जंतूही जात. आमच्या बाटलीवर घरच्या टाकीला चालणारे औषध असल्याचे लिहिले होते. चिरंजीवांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. मामांना टाकीची काळजी असणारच. काळ्या चिकणमातीत पाणी लवकर जिरत नाही. शोषखड्ड्यात विटांचे तुकडे आणि मुरूम भरून त्यांनी ती टाकी कशी मार्गी लावली, ही कथा मी अनेकदा ऐकली आहे.

पेटीचे तोंड फिरवले, कळ दाबली, ओतले. दोनदा विसळले. अंगठ्याएवढे औषध आणि तांब्याभर पाणी घालून पेटी जागेवर सरकवली. सगळे मिळून सहा-सात मिनिटे लागली. हाताला काही लागले नाही, अंगावर काही उडाले नाही. ती हवेची कळ आणि ती मूठ ज्याने कोणी योजली, त्याला मनातून नमस्कार केला. माणसाला आपले आपण करता यावे एवढी लाज आणि घाण त्याने त्या कामातून काढून टाकली होती. सांडपाण्याची टाकी तर मामींनीच मागून घेतली. "खरकटं गाळून घ्या अन्‌ अळूले सोडा," त्या म्हणाल्या. वाड्याची न्हाणीही वर्षानुवर्षे अळूलाच पाणी देत आली आहे.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज झाली. ओवाळताना आईचा हात थरथरत होता. दुपारी वडाभात जेवून सगळे ओटीवर बसलो असता कन्येने विचारले, "मागच्या बोळातून येणाऱ्या त्या आजींचं नाव काय होतं?"

मामांनी आईकडे पाहिले, आईने मामींकडे. त्या काळी गोठ्यात असलेल्या गाईचे नाव तिघांनाही आठवत होते. तिच्या दोन वासरांचीही आठवत होती. या बाईचे नाव कोणालाच सांगता येईना. "आम्ही 'बाई आली' एवढंच म्हणत असू," आई म्हणाली. मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही. संध्याकाळी मामा एकटेच काठी घेऊन पलीकडच्या मोहल्ल्याकडे गेले. परत आले तेव्हा कोणी त्यांना विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघायच्या आधी मी पेटी काढायला गेलो, तर दार उघडे आणि चिरंजीव मूठ धरून अंगणातून चाललेले. "कालपासून तुमचीच पाळी का?" ते म्हणाले.

आई गाडीत चढली. मामांनी खिडकीतून विचारले, "पुढल्या वर्षी?"

"येईन की," आई म्हणाली, आणि पाण्याची बाटली सुनेपुढे करून तिने ती काठोकाठ भरून घेतली.