आरसा हरत नाही

गणपतीच्या सुमारास आमच्या घरी एक तापट पाहुणा राहायला आला. लांबी जेमतेम अडीच इंच. पण अंगावरची निळी-तांबडी झूल पाहाल तर एखादा संस्थानिकही लाजेल!

माशांच्या दुकानात इतर मासे मोठ्या टाक्यांतून घोळक्याने हिंडत होते. या जातीचे नर मात्र एकेका बरणीत एकटे, आणि दर दोन बरण्यांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा उभा केलेला. मी कारण विचारले तेव्हा दुकानदाराने उत्तर न देता मधला पुठ्ठा उचलला. त्यासरशी दोन्ही माशांचे पर ताठ झाले, कल्ल्यांची झाकणे गळपट्ट्यासारखी बाहेर आली आणि दोघे काचेवर धडका देऊ लागले.

"फायटर म्हणतात याला, मास्तर," दुकानदार म्हणाला.

मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. पण वाचण्याची खोड आहे. ती मला स्वस्थ बसू देईना. हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. तिथल्या भातखाचरांतल्या उथळ पाण्यात तो राहतो. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वर येऊन सरळ हवाच घेतो. लोकांनी कित्येक शतके झुंजीसाठी निवडून निवडून त्याची पैदास केली. २०१९ साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. आणि गंमत अशी, की हाच भांडकुदळ नर तोंडाने बुडबुड्यांचे घरटे बांधतो, मादीची खाली पडणारी अंडी तोंडात झेलून त्यात नेऊन ठेवतो आणि पिले पोहू लागेपर्यंत त्यांची राखण करतो. त्याचा बराचसा राग म्हणजे घराची राखणच म्हणायची!

एवढे वाचूनही मी केले काय, तर घरी कोणी आले की बरणीला आरसा लावायचा! मासा फुलून उठे, पाहुणे टाळ्या पिटत. आठवड्याने माशाचे खाणे आणायला गेलो तेव्हा ही मौज दुकानदाराला रंगवून सांगितली. तो हसला नाही.

"मिनिटभर ठीक आहे, मास्तर. अहो, खरा मासा हरला की पर मिटतो, रंग उतरतो, बाजूला पळतो. मग जिंकलेलाही थंड होतो. बरणीत पळायला जागा नसते, म्हणून तिथं जीव जातो. आणि तुमचा आरसा तर हरतही नाही न्‌ पळतही नाही. त्या बिचाऱ्यानं करावं काय?"

घरी येईपर्यंत हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्याच आठवड्यात मी वर्गात एक पराक्रम करून बसलो होतो.

आठवीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत दुसऱ्याचा सदरा फाडला. मी त्याला वर्गापुढे उभे केले. "माफी माग. आत्ता, सगळ्यांसमोर!" त्याने मान खाली घातली, काहीतरी पुटपुटला. तिथेच प्रकरण मिटले होते. पण मला ते ऐकू यायला हवे होते. "मोठ्यानं!" मी ओरडलो. वर्ग हसला. मुलाने मान वर केली. त्याचा आवाज चढला, माझा त्याहून चढला. शेवटी दप्तर तिथेच टाकून तो निघून गेला, तो पुन्हा शाळेत फिरकला नव्हता.

त्याने पर मिटले होते, वाचकहो! माशाला जे कळते ते वीस वर्षे मुले शिकवणाऱ्या मास्तराला कळले नाही. त्याच्यापुढे मी आरसा होऊन उभा राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दप्तर घेऊन मी त्याच्या घरी गेलो. तो दारातच उभा होता. वाटेत जुळवलेली वाक्ये ऐन वेळी आठवेनात.

"त्या दिवशी मीच जास्त बोललो," एवढेच म्हणालो.

तो गप्प. मलाही मग काय बोलावे सुचेना. "दिवाळीत आम्ही गावी जाणार आहोत," मी म्हणालो, "माझा एक मासा आहे. सांभाळशील?"

बराच वेळाने तो म्हणाला, "चावतो का, सर?"

"नाही रे. डिवचलं नाही, तर काही करत नाही."

दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला. मागच्या बाकावर बसला. मीही काही विचारले नाही.

काल तो बरणी न्यायला आला होता. खाणे किती घालायचे, पाणी कसे बदलायचे, सगळे मी कागदावर लिहून दिले. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्या हातावर दोन करंज्या ठेवल्या. बरणी छातीशी धरून तो जिना उतरू लागला, तेव्हा धाकटी धावत आली. "बाबा, आरसा द्यायचा राहिला की!"

"राहू दे," मी म्हणालो.