कुठली खारी काढू?

आमच्या घरात भिंतीवर कुत्र्यांचं एकच चित्र होतं. देवघरातलं दत्ताचं. मागे गाय, पायाशी चार कुत्री. त्यातलं उजवीकडचं थेट आपल्या खारीसारखं दिसतं, असं आजीचं ठाम मत. त्यामुळे जानेवारीत मी फोनवर जाहीर केलं की खारीचं पोर्ट्रेट काढून घेणार आहे, हाताने, रंगीत पेन्सिलींनी, तेव्हा आई म्हणाली, "कशाला? फोनमध्ये चार हजार फोटो आहेत की तिचे."

पॉइंट होता. पण त्याच आठवड्यात खारीचा ब्लड रिपोर्ट आला होता. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडन्या थकल्या होत्या. व्हेट नीट समजावून बोलले, "वयच आहे," म्हणाले. आता टेन्शन आलं की काही लोक रडतात, काही देवळात जातात. मी ऑर्डर देते.

खारी आमच्याकडे आली जून २०१२ मध्ये. मी दहावीत होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली, धो धो पावसात, हातभर लांबीचं एक पिल्लू. पक्की देशी. डाव्या कानाचं टोक कोणीतरी चावून तोडलेलं. रंग असा, की पुसून कोरडी केल्यावर आजीच म्हणाली, "चहात बुडवलेल्या खारीसारखी दिसतेय गं." बाबा तेव्हा एसटीत ड्यूटीवर. रात्री घरी आल्यावर त्यांनी फर्मान काढलं, "आठ दिवसांत हिची सोय बघा." ते आठ दिवस तेरा वर्षं चालले.

बाय द वे, हा आपल्या पिढीचा चोचला आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: जहांगीर बादशहाने १६२१ मध्ये त्याच्याकडे आलेल्या झेब्र्याचं चित्र उस्ताद मन्सूरकडून काढून घेतलं होतं. राणी व्हिक्टोरिया राणी होण्याआधी, १८३६ मध्ये, तिच्या डॅश नावाच्या स्पॅनियलचं चित्र लँडसीअरने काढलं. आमची खारी काही जगावेगळी नव्हती.

अर्थात आधी मी फुकटचा मार्ग ट्राय केला. एका मैत्रिणीने सुचवलेल्या ॲपमध्ये फोटो टाकला. दहा सेकंदांत 'पेन्सिल पोर्ट्रेट' तयार! केस न् केस चकचकीत, डोळ्यांत चांदणं. आणि दोन्ही कान अख्खे. त्या ॲपने तेरा वर्षांपूर्वी तुटलेला कान परस्पर बरा करून टाकला होता. मी ते डिलीट केलं. (हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी स्वतः काय केलं ते सांगायचंय.)

मग इन्स्टाग्रामवर कोल्हापूरच्या एक चित्रकार सापडल्या. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायच्या, मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवायच्या, आता घरून फक्त कुत्र्यामांजरांची पोर्ट्रेट्स काढतात. मी एलिमेंटरीला सी ग्रेडची मानकरी, त्यामुळे पहिल्या फोनवर 'मॅडम, मॅडम' सुरू होतं. त्या म्हणाल्या, "मॅडम नको गं, ताई म्हण. आणि आधी फोटो पाठव, पैशाचं नंतर." ए-फोर साइजचे साडेसहा हजार, निम्मे ॲडव्हान्स. नंबर लागायला आठ-दहा आठवडे. साडेसहा हजार म्हणजे फ्रीलान्सरच्या भाषेत दोन लेख, तेही पेमेंट वेळेवर आलं तर.

मी उत्साहाने चाळीस फोटो पाठवले. ताईंनी त्यातले सदतीस बाद केले. तुम्ही असं काही करणार असाल तर माझी फजिती तुमच्या उपयोगाची आहे. वरून उभं राहून काढलेला फोटो बाद, कारण त्यात डोकं मोठं आणि पाय किडमिडे येतात. फोन अगदी नाकाशी नेऊन काढलेला बाद, कारण नाक बटाट्याएवढं दिसतं. फ्लॅशचे सगळे बाद. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, फ्लॅशचा उजेड त्यावरून उलटा येतो आणि डोळे हिरवे भुताटकीचे होतात. खरा रंग कळतच नाही. हवा तो सकाळचा खिडकीतला उजेड, जमिनीवर बसून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा, नाहीतर दाबून दाबून बारीकसारीक सगळं धुऊन निघतं. पेन्सिलीने काढणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

मग प्रश्न सुरू झाले. रंग कसा? खारीसारखा, मी म्हटलं. "कुठली खारी? पांढरट असते ती, की जास्त भाजलेली?" भाजलेली. "पोटाकडे?" कमी भाजलेली. "डोळे?" मी म्हटलं, ब्राउन. "ब्राउन माझ्याकडे दहा-बारा आहेत गं. मधासारखे, की चहाच्या पावडरीसारखे?"

मी गप्प. तेरा वर्षं जिच्या डोळ्यांत बघून मी बिस्किटं दिली, तिच्या डोळ्यांचा रंग मला सांगता येईना. शेवटी बाबांना मेसेज केला. दोन मिनिटांत उत्तर: "मधासारखे. पण उन्हात. घरात काळपट. आता वरून निळसर झाक आहे."

ताईंशी फोनवर बोलताना पहिल्यांदा कळलं की रंगीत पेन्सिल हे किती हट्टी प्रकरण आहे. आपल्या डोक्यात रंगीत पेन्सिल म्हणजे शाळेतला कॅम्लिनचा बारांचा डबा, त्यातली पिवळी आधी संपते आणि पांढरी कधीच संपत नाही. ताई वापरतात फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोस, तेलाच्या मिश्रणातल्या, पूर्ण सेटमध्ये एकशेवीस रंग. एकावर एक पातळ थर चढवत जायचं, फिकटाकडून गडदाकडे. काळं नाक काळ्याने काढायचं नाही! आधी गडद निळा, मग कॉफीचा तपकिरी, काळा अगदी शेवटी, चिमूटभर. मिशा तर चक्क न काढताच येतात. आधी बोथट टोकाने कागदावर नुसत्या दाबून रेघा मारायच्या, वरून रंग फिरवला की त्या खोबणीत रंग उतरत नाही आणि मिश्या पांढऱ्या उरतात. भारी ना?

पण पांढऱ्याचीच सगळी गोची आहे. पांढरी पेन्सिल गडद रंगावर फारशी चालत नाही, खोडरबरही पूर्ण साथ देत नाही. पांढरं म्हणजे कागदच. ते पहिल्यापासून राखून ठेवावं लागतं.

मी रेफरन्सला निवडला होता २०१६ चा फोटो. खडकवासल्याच्या चौपाटीवरचा. खारी चार वर्षांची, तोंड भाजलेल्या रंगाचं, डोळे लख्ख, कणसाच्या गाडीकडे बघतेय. माझ्या मते खारी म्हणजे हीच. बाकी दोन फोटो आईने या जानेवारीत खिडकीशी काढलेले. त्यात मुस्कट पांढरं, भुवयांच्या जागी पांढरे ठिपके, डोळ्यांवर ती म्हातारपणाची निळसर धुरकट झाक. मी ताईंना सरळ सांगितलं, "बसायची पोझ आत्ताची घ्या, चेहरा जुना करा. म्हणजे तरुण. पांढरं नको. डोळे पण क्लिअर करा."

त्या म्हणाल्या, "करते की. पैसे तेवढेच. पण घरी विचारलंस?"

मी म्हटलं, सरप्राइज आहे.

मार्चच्या मध्यावर त्यांचा फोन आला. कान, मान, छाती झाली होती. कान तुटकाच ठेवला होता, तो आम्ही आधीच ठरवला होता. "तोंड अजून कोरं सोडलंय," ताई म्हणाल्या. "बघ, पांढरं ठेवलं तर नंतर कधीही तपकिरी करता येतंय. एकदा तपकिरी केलं की मग पांढरं नाही. मी रविवारपर्यंत थांबते. एकदा घरी जाऊन ये."

शनिवारी शिवनेरी पकडून पुण्याला गेले. सिंहगड रोडवरच्या घरी पोचले तेव्हा बाबा खारीला सलाइन देत होते. किडनीच्या पेशंटला कातडीखालून सलाइन देतात, व्हेटनी त्यांना शिकवलं होतं. बाटली पडद्याच्या रॉडला टांगलेली. बाबा जमिनीवर मांडी घालून, खारी त्यांच्या मांडीला टेकून. मानेजवळची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, सुई आत, मग दहा मिनिटं गप्पा. हे सगळं मी फोनवर ऐकलं होतं. बघितलं पहिल्यांदाच.

सरप्राइज वगैरे सोडून मी त्यांना खडकवासल्याचा फोटो दाखवला. म्हटलं, याच्यावरून चित्र करतेय, तुमच्यासाठी. बाबांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला.

"छान आलाय," म्हणाले. मग म्हणाले, "पण हिचं तोंड आता असं कुठंय?"

मी म्हटलं, म्हणून तर.

त्यांनी बोट खारीच्या मुस्कटावर ठेवलं. "हे बघ, डावीकडून सुरू झालं. तू मुंबईला नोकरीला लागलीस ना, एकोणीस साली, त्या दिवाळीत. मला वाटलं पीठ लागलंय, मी पुसायला गेलो. मग हनुवटी. हे डोळ्यावरचे ठिपके लॉकडाऊनमधले. गच्चीवर फिरवायचो तेव्हा उन्हात दिसायचे. उजवी बाजू सगळ्यात शेवटी, गेल्या वर्षी." एसटीचं टाइमटेबल सांगावं तसं सांगत होते, सगळे थांबे घेत. खारी डोळे मिटून पडली होती. बाटली संपत आली, तशी त्यांनी सुई काढली, जागा अंगठ्याने दाबून धरली आणि मला म्हणाले, "तुला आवडेल तसं कर. तुझी पण आहे ती."

लॉकडाऊनमध्ये मी अंधेरीच्या रूममध्ये अडकले होते. व्हिडिओ कॉलवर खारी रोज दिसायची. ठिपके मला एकदाही दिसले नव्हते.

रात्री ताईंना मेसेज केला, "पांढरं राहू द्या. डोळे पण आत्ताचे." त्यांचा अंगठा आला फक्त.

एप्रिलमध्ये पार्सल आलं. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, बबल रॅपचे सात वेढे. मी मुद्दाम पुण्यात होते. तुम्हाला वाटेल, खारीने स्वतःला ओळखलं वगैरे. काही नाही. तिने चित्राकडे ढुंकून पाहिलं नाही, पण पुठ्ठा पाच मिनिटं हुंगला आणि मग बारीक गुरगुरली. नंतर कळलं, ताईंकडे तीन मांजरं आहेत. आजी म्हणाली, "दत्ताच्या फोटोतल्यापेक्षा बरी आलीय."

बाबा काही बोलले नाहीत. चित्र खिडकीशी नेलं, चष्मा वर केला आणि डाव्या मुस्कटाशी बराच वेळ बघत राहिले. ते पांढरं नुसतं पांढरं नव्हतं. जवळून पाहिलं तर त्यात फिकट राखाडी होता, साय असते तसला रंग होता, कुठे निळ्याची एखादी रेघ. मग विचारलं, "किती झाले?" मी तीन हजार सांगितले. "मग ठीक आहे," म्हणाले.

ताईंच्या दोन सूचना होत्या. फ्रेम करताना माउंट घालायचा, म्हणजे काच कागदाला चिकटत नाही. आणि थेट उन्हात टांगायचं नाही, कितीही चांगल्या पेन्सिली असल्या तरी काही रंग उन्हाने उडतात. फ्रेम झाली, शोकेसवर बसली.

खारी ऑगस्टमध्ये गेली. पहाटे, घरीच, बाबा शेजारी होते. मी दुपारी पोचले.

गणपतीत गेले तेव्हा चित्र शोकेसवर नव्हतं. बाबांनी ते बाल्कनीच्या दाराजवळच्या भिंतीवर लावलं होतं, जिथे खारी सकाळी उन्हाला बसायची तिथेच. आणि जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंचीवर. आई वैतागलेली, पोछा मारताना रोज काठी लागते. मी म्हटलं, बाबा, ऊन नको म्हणून सांगितलं होतं ना? रंग उडतील.

"माहितीय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेआठच्या सुमाराला ऊन त्या भिंतीपाशी आलं. बाबा पेपर बाजूला ठेवून उठले, दोरीवरचा पंचा काढला आणि फ्रेमवर टाकला. अकराला ऊन सरकलं, तेव्हा काढून परत वाळत घातला.